तुरुंगातल्या कैद्यांचे दात आणि हिरड्या जास्त खराब का असतात?

तुरुंगामुळेच दात बिघडतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते अर्धंच खरं. बरेच जण आत येतात तेव्हाच किडलेले दात, तंबाखू आणि वर्षानुवर्षं न झालेली तपासणी घेऊन येतात. मेथसारख्या (मेथॅम्फेटामाइन, एक उत्तेजक अमली पदार्थ) नशेने लाळ कमी होते आणि कीड झपाट्याने वाढते.

आत गेल्यावर अडचणी वेगळ्या. ब्रशचं हत्यार होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी आखूड दांड्याचा किंवा बोटात घालायचा ब्रश मिळतो. त्याने दाढांच्या मागे पोचून बघा एकदा! फ्लॉसवर (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) तर काही ठिकाणी बंदीच. दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत दात वाचवण्यापलीकडे गेलेला असतो, मग तो सरळ उपटला जातो. म्हणून कैद्यांच्या तोंडात भरलेले दात कमी आणि पडलेले जास्त दिसतात.

हिरड्यांचं दुखणं जास्त फसवं. नुसती सूज असेल तर नीट घासून ती उतरते, पण आतलं हाड झिजलं की परत येत नाही. त्यात सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्याला सगळं ठीकच वाटतं. मधुमेह असेल तर दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात.

संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम; नियम 25) प्रत्येक कैद्याला पात्र दंतवैद्य उपलब्ध असावा असं स्पष्ट म्हटलंय.