मेसच्या टोकनाचे वय कसे ओळखावे?

प्रश्न : जुन्या नाण्यांसोबत मला एक काळपट पितळी टोकन मिळाले. त्याच्या एका बाजूस ‘एन.सी.ओ. मेस’ (सार्जंटसारख्या बिनसनदी अधिकाऱ्यांची मेस) ही अक्षरे व पायदळाच्या रेजिमेंटचा क्रमांक आहे, तर दुसऱ्या बाजूस ‘गुड फॉर ५ सेंट्स इन ट्रेड’ असा मजकूर आहे. साल किंवा ठिकाण कुठेही नाही. त्याचा काळ कसा ठरवावा, आणि ते घासून उजळावे का?

उत्तर : कृपा करून ते घासू नका. चिंच, लिंबू किंवा पॉलिशने पितळ लखलखते खरे, पण काळाने चढलेला थर आणि अक्षरांच्या कडा एकदा झिजल्या की परत येत नाहीत, आणि जाणकार संग्राहक असे टोकन हातात घेताच बाजूला ठेवतो. मळ फारच असेल, तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे.

‘सेंट्स’ आणि ‘इन ट्रेड’ या शब्दांवरून हे टोकन अमेरिकी सैन्यातले दिसते. ‘इन ट्रेड’ म्हणजे या टोकनावर रोख रक्कम मिळणार नाही, तेवढ्या किमतीचा माल मिळेल. अशी टोकने अमेरिकी यादवी युद्धातही होती. १८६२ मध्ये लोकांनी नाणी दडवून ठेवल्यामुळे सुट्ट्या पैशांची टंचाई झाली होती, आणि पलटणीबरोबर फिरणारे ‘सटलर’ नावाचे दुकानदार सैनिकांना पगार होईपर्यंत उधारीवर टोकने देत. मात्र त्यांच्या टोकनांवर बहुधा दुकानदाराचे स्वतःचे नाव असते. आपल्या टोकनावर मेसचे नाव असल्याने ते त्यानंतरचे असावे, असे मला वाटते. सैन्याच्या ‘पोस्ट एक्स्चेंज’ दुकानांची रीतसर व्यवस्था १८९५ मध्ये सुरू झाली, हेही ध्यानात ठेवावे.

पितळ सर्वच काळात वापरले गेल्यामुळे धातूवरून येथे फारसा उलगडा होत नाही. तेच टोकन ॲल्युमिनियमचे असते, तर विजेने तो वेगळा करण्याच्या १८८६ च्या शोधामुळे हा धातू स्वस्त झाल्यानंतरचे, असे ठामपणे म्हणता आले असते. ‘एक ग्लास बीअर’ असा मजकूर असता, तर १९०१ चा कायदा आठवावा लागला असता, कारण त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने लष्करी कँटीनमधील बीअर व वाईनच्या विक्रीवर बंदी घातली. आपला खरा धागा आहे तो रेजिमेंटचा क्रमांक. पलटणी एका तळावरून दुसऱ्या तळावर हलत असत. कोणत्या वर्षी ती कुठे होती, ही नोंद रेजिमेंटच्या इतिहासात सापडते, आणि तिथून काळाची चौकट आखता येते. ठिकाण न छापलेल्या टोकनांना संग्राहक ‘मॅव्हरिक’ म्हणतात. त्यांचा माग काढण्यात जे समाधान आहे, ते आयते नाव छापलेल्या टोकनात नाही.

व्यास, वजन, काठाचा आकार आणि टोकन कोणाकडून मिळाले, हे आजच लिहून ठेवा.

प्रश्न : अमेरिकी सैन्याच्या ५, १० व २५ सेंटच्या पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या खऱ्या चलनातल्या आहेत का?

उत्तर : होय. सैन्याच्या एक्स्चेंज सेवेने २००१ पासून अफगाणिस्तान मोहिमेतील दुकानांत सुट्ट्या पैशांऐवजी त्या दिल्या, कारण जड नाणी विमानाने पोहोचवणे परवडत नव्हते. संग्राहक त्यांना ‘पॉग’ म्हणतात. ओलाव्याने पुठ्ठा फुगतो. म्हणून त्या कोरड्या जागी आणि पीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात ठेवाव्यात. धातूच्या टोकनांनाही हाच नियम लावावा, कारण पीव्हीसीच्या पाकिटात पितळावर हिरवा चिकट थर धरतो.