तोल जातो तो दारूने की झोपेने?

"मॅडम, ह्यांका इचारा, पितत काय ता." मालवणकडच्या एका तांडेलाच्या (मासेमारी होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या) बायकोने नवऱ्यासमोरच विषय काढला. (ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत.) ट्रॉलर बंदराला लागला की हे घरी येतात ते झोकांड्या खात. चपला काढताना भिंत धरतात. तोंडाला वास नाही, पण शेजारी बघतात ना! तो चिडला होता. म्हणे जागरणाची सवय आहे, झोप येतच नाही.

मी विचारलं, मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, कधी भिंत धरली? दोघंही "नाय" म्हणाले.

आपण सरळ उभे असतानाही किंचित डुलत असतो. डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे यांच्याकडची खबर जुळवून मेंदू तोल सावरतो. जागरणाने हे काम मंदावतं, डुलणं वाढतं. प्रयोगशाळेत दाब मोजणाऱ्या फळीवर उभं करून ते मोजतात. दारूची शंका येणं चुकीचं नव्हतंच: १९९७च्या एका प्रसिद्ध अभ्यासात सलग १७ तास जागलेल्यांच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका बिघडला होता. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा आहे ०.०३ टक्के.

होडीतून उतरल्यावर काही वेळ जमीन हलते, ते वेगळं. म्हणून घरी आल्यावर काही तासांनी आणि पुन्हा दोन रात्री नीट झोपल्यावर, असं दोनदा बघायला सांगितलं. पाय जुळवून, हात छातीशी, डोळे मिटून अर्धा मिनिट. सावरायला बायको शेजारी. पहिल्या वेळी त्याला पाय बाजूला टाकावा लागला, दुसऱ्या वेळी नाही. हे निदान नव्हे. तुलना फक्त स्वतःशी. कान, साखर, रक्तदाब आणि घोरणं डॉक्टरांकडून तपासून घेतलंच. (तोल अचानक जाऊन बोबडी वळली किंवा हात लुळा पडला तर थेट रुग्णालय गाठायचं.)

दिवसाच्या पेंगेची एपवर्थ प्रश्नावलीही दिली. २४ पैकी १०च्या वर गुण म्हणजे पेंग जास्त. त्याने स्वतःला दिले ४. बायकोने त्याच्यासाठी भरले १३. मला तिचेच पटले. पेंगलेल्या माणसाला आपली पेंग कळत नाही.

पहाटे ३ ते ५ सुकाणूवर दुसरा खलाशी हवा, हे मालकाला सांगायला तो काही तयार होईना. शेवटी तीच गेली.