मामाला काय लिहायचं?

लाडक्या लेकीस,

औशाच्या मामाचं सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा तू त्याला लिहिलंस, "मामा, माझं तुम्हाला समर्थन आहे." त्याचा मला लगेच फोन, "ताई, मी काय झेडपीला उभा राहिलोय का?" आता तू विचारतेस, 'सपोर्ट'ला मराठीत नेमकं म्हणायचं तरी काय?

एक शब्द नाही गं पुरत. समर्थन मताचं, भूमिकेचं होतं. कधी चुकीच्या वागण्याचंही. पाठिंबा मागणीला, मोर्चाला, उमेदवाराला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. एवढी वर्षं त्या मागणीला कुणाचा पाठिंबा, कुणाचा विरोध, हे आपल्याकडे गावोगाव चाललं. पण ठरावानंतर उसळलेल्या ७८च्या हिंसाचारात ज्या दलित कुटुंबांची घरं जळाली, त्यांना पाठिंब्याच्या पत्रकाचं काय करायचं होतं? त्यांना आधार हवा होता. आधार माणसाला लागतो, आणि तो द्यायला जवळ जावं लागतं.

सरकारी कागदावर मात्र आधार पिकालाही मिळतो: 'किमान आधारभूत किंमत'. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, असं कुणी बोलत नाही, तिथे हमीभाव. मला हाच शब्द खरा वाटतो, कारण हमी दिली की ती पाळली का हे विचारता येतं. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्यांना बाजारात त्याहून कमीनं विकावं लागलं. विचारणारे अजून विचारतायत.

पाठराखण जरा जपून वापर. 'पोराची पाठराखण करते' म्हटलं की त्यानं काहीतरी केलेलं असतं. पाठराखीण मात्र वेगळी, नव्या नवरीसोबत सासरी जाते ती. माझ्या लग्नात मावशी आली होती आणि माझ्यापेक्षा जास्त तीच रडली.

मामाला लिही, "मामा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. बियाण्याला आमचा हातभार घ्या." पण हातभार लिहिलास तर पैसे पाठवावे लागतील, नुसतं लिहून चालायचं नाही. अर्धे तुझ्या कमाईतले, अर्धे मी घालते. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरात सुरू होते, त्याआधी पोचू देत.

तुझी,
आई