तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते, पण आधी जुनी पूर्ण पुसा

तुम्ही विचारलंय की कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डावर रायझन 5 5600 हा प्रोसेसर बसवायचा आहे, कूलर (प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा) पहिल्या प्रोसेसरसोबत आलेला तोच ठेवायचा आहे, तर दोघांमध्ये लावायची थर्मल पेस्ट किती लावायची, बोटाने पसरवायची का आणि कूलरला चिकटलेली जुनी पेस्ट चालेल का. शिवाय आपल्या नागपूरच्या मे महिन्याची धास्तीही आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. जुनी पेस्ट चालणार नाही. एकदा कूलर उचलला की ती गेली असं समजा. उचलताना तिच्यात खड्डे नि शिरा पडतात, आणि तसाच कूलर परत दाबला की त्या खड्ड्यांत हवा अडकते. खरा शत्रू ही हवाच आहे. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ आपल्याला आरशासारखे सपाट दिसतात, पण दोन्हीवर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल भाग असतात. तांबं उष्णता वाहून नेतं साधारण 400 वॅट प्रति मीटर केल्विन या दराने, आणि हवा जेमतेम 0.026. चांगली पेस्ट या हिशोबात पाच-दहाच्या आसपास बसते. म्हणजे हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण तांब्याच्या खूप मागे. म्हणून ती फक्त फटी भरण्यापुरती हवी, जाड थर नको.

आता कूलर काढण्याबद्दल, कारण पेस्टच्या प्रमाणापेक्षा मला तुमची हीच काळजी जास्त वाटते. एएम4 मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), पिना प्रोसेसरलाच असतात, आणि सॉकेटची दांडी बंद असली तरी जुनी वाळलेली पेस्ट प्रोसेसरला ओढून बाहेर काढू शकते. माझ्याकडून हे झालंय. जानेवारीची सकाळ होती, मशीन रात्रभर बंद होतं, मी स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर उचलला. उलटा करून बघतो तर प्रोसेसर त्याला गोचिडासारखा चिकटलेला, आणि एका कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या. शिसं बदलायच्या पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात एकेक पिन घालून ती हळूहळू उभी केली. दोन तास लागले, हात थरथरत होते. प्रोसेसर वाचला, पण तुमच्यावर ती वेळ येऊ नये. आधी वीसेक मिनिटं एखादा गेम चालू ठेवा, पेस्ट मऊ होते. मग मशीन बंद करा, वायर काढा, स्क्रू सैल करा आणि कूलर बरणीचं झाकण फिरवतो तसा डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला.

आणि हो, बोर्ड जुना आहे म्हणालात, तर जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या, म्हणजे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखेल. नाहीतर सगळं नीट बसवूनही स्क्रीन काळीच राहील आणि तुम्ही पेस्टला दोष देत बसाल.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 99 टक्क्यांचं. सीताबर्डीला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. टिश्यूचे तंतू सुटतात; चष्म्याचं कापड किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती बनियनचा तुकडा बरा. कापड काळं यायचं थांबेपर्यंत पुसा, मग त्या जागेला बोट लावू नका.

प्रोसेसर बाणाची खूण जुळवून, जोर न लावता सॉकेटमध्ये सोडा, दांडी बंद करा. मग मधोमध पेस्टचा एकच ठिपका, तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढा. पसरवू नका, बोटाचं तेल लागतं आणि हवेचे बुडबुडेही अडकतात. कूलरचा दाब तिला पसरवतो. थोडी जास्त झाली तर घाबरायचं कारण नाही, साधी पेस्ट वीजवाहक नसते, कडेने बाहेर येते इतकंच. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूच्या, वाटेला जाऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि तुमच्या कूलरचा तळ बहुधा ॲल्युमिनियमचाच असेल.

कूलर सरळ खाली ठेवा, ठेवल्यावर परत उचलून बघायचा मोह टाळा. चारही स्क्रू आधी टेकवा, मग तिरके समोरासमोरचे स्क्रू दोन-दोन फेरे आळीपाळीने कसा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की पेस्ट तिरपी दबते. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा.

चालू करून बायोसमध्ये तापमान बघा. मिनिटभरात 80 च्या पुढे सरकत असेल तर लगेच बंद करा, कूलर नीट टेकलेला नाही. या प्रोसेसरची मर्यादा 90 डिग्री आहे.

मे महिन्याचं गणित सोपं आहे: खोली जेवढी डिग्री तापेल, प्रोसेसर साधारण तेवढाच वर जाईल. जानेवारीत 25 च्या खोलीत गेम खेळताना 68 दिसले, तर मे मध्ये 40 च्या खोलीत तेच 83 होतील. म्हणून हिवाळ्यातला आकडा बघून निश्चिंत राहू नका, आणि उन्हाळ्यात वाढला म्हणून दरवेळी पेस्टही बदलू नका. कॅबिनेटची जाळी साफ ठेवा, मागचा पंखा चालू ठेवा. फक्त खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, बापा. त्या हवेसोबत बारीक तुषार येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा साचतो. झोताच्या बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवा.