लेझरच्या रॉडमधलं निओडिमियम गळतं का?

प्रश्न : आमचं गुजरीत छोटं दुकान आहे. दागिने जोडायला लेझर मशीन घेतलंय, जुनंच, लॅम्पवालं. हल्ली टाका नीट बसेना झालाय. सर्व्हिसवाला म्हणतो, लेझरचा उजेड जिथं तयार होतो त्या रॉडमधलं निओडिमियम, म्हणजे तो उजेड देणारा धातू, उष्णतेनं हळूहळू बाहेर पडतंय, रॉडच बदला. मेव्हणा शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला आहे, तो पण म्हणतो की कार्बन पोलादात शिरतो तर हे बाहेर का येणार नाही. खरं काय ओ?

उत्तर : सर्व्हिसवाल्याचं सोडा, पण मेव्हण्यांचं डोकं बरोबर दिशेला चाललंय. केस हार्डनिंगला, म्हणजे पोलादाचा वरचा थर कडक करताना, ९०० ते ९५० डिग्रीला कार्बन पोलादात काही तासांत मिलिमीटरभर जातो, कारण कार्बनचा अणू बारका, लोखंडाच्या अणूंमधल्या फटीतून सटकतो, कुणाची जागा घ्यायची भानगड नाही. निओडिमियमला ती सोय नाही. तुमचा रॉड म्हणजे यॅग, इट्रियम-अ‍ॅल्युमिनियम-ऑक्सिजनचा क्रिस्टल, त्यात शंभरातल्या एखाद्या इट्रियमच्या जागी निओडिमियम बसवलेलं असतं, भोवती आठ ऑक्सिजन, आणि ते इट्रियमपेक्षा मोठं, म्हणजे आधीच अंग चोरून बसलेलं. हलायचं तर शेजारची इट्रियमची जागा रिकामी पाहिजे, वर ऑक्सिजनना रेटून तिथं पोचायला पाहिजे. यॅग वितळतं १९७० डिग्रीच्या आसपास. लॅबमध्ये हजार डिग्रीच्या वर नेऊन ठेवलं तरी असे आयन, म्हणजे क्रिस्टलमधले विद्युतभार असलेले अणू, किती सरकले ते नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मोजतात, आणि तुमचा रॉड तर पाण्याने थंड होत चालतो. तिथं गळती शून्य धरा.

पुरावा रॉड बनतो तिथंच आहे. हा क्रिस्टल वितळलेल्या रसातून हळूहळू वर ओढून वाढवतात, तासाला मिलिमीटरभर पण नाही. मोठ्या आकारामुळे रसातल्या प्रमाणाच्या साधारण पाचवा हिस्साच निओडिमियम क्रिस्टलमध्ये घुसतं, बाकीचं रसात साचत जातं, म्हणून वरच्या टोकाला कमी आणि खालच्या टोकाला जास्त असा फरक पडतो. आता आयन खरंच फिरत असते तर भट्टीच्या इतक्या उष्णतेत हा फरक कधीच सपाट झाला असता की. होत नाही, आहे तसा गोठतो, म्हणून तर कारखानेवाले क्रिस्टलचा कुठला तुकडा घ्यायचा ते बघून रॉड कापतात.

मग हे आयन कधी हलतच नाहीत का? हलतात, मुद्दाम हलवले तर. लिथियम नायोबेट नावाचा क्रिस्टल आहे, त्याच्यावर एर्बियमचा, म्हणजे निओडिमियमच्याच कुळातल्या धातूचा, काही नॅनोमीटरचा थर चढवतात आणि ११०० डिग्रीला ठेवतात, शंभरेक तास. एवढं करून आत जातं किती, तर पाचेक मायक्रॉन, मिलिमीटरचा दोनशेवा भाग! दुप्पट खोल पाहिजे तर वेळ चौपट, हे गणित मेव्हण्यांना पाठ असणार, कार्बनलाही तेच लागू. तापमान अजून वाढवून मोकळं व्हावं म्हटलं तर ११४० च्या आसपास ह्या क्रिस्टलची आतली विद्युत रचनाच मोडते, त्यामुळे खालीच राहावं लागतं. आणि प्रकाश वाहून न्यायची वाट करायला टायटॅनियम पण शिरवायचं असतं, ते जरा कमी उष्णतेत नऊ-दहा तासांत उरकतं, म्हणून एर्बियम आधी आणि टायटॅनियम नंतर. उलटं केलं तर शंभर तासांत टायटॅनियमची वाट पसरून बसेल. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर १५३० नॅनोमीटरच्या आसपासचा, फायबर केबलमधून जातो तो उजेड चिपवरच वाढवता यावा म्हणून.

तुमच्या टाक्याचं म्हणाल तर संशय आधी लॅम्पवर घ्या, शॉट, म्हणजे लॅम्प किती वेळा चमकला ते, मोजून तो संपत आलाय का बघा. मग थंड पाण्याचा फिल्टर, मग आरसे आणि समोरची काच, तिथं धातूचा धूर बसतो. रॉड खरंच जातो तेव्हा बहुतेक टोकावरचं कोटिंग जळलेलं असतं किंवा तडा असतो, ते भिंगातून दिसतं, सर्व्हिसवाल्याला दाखवायला सांगा की कुठं आहे ते.