हॅम (हौशी) रेडिओच्या गच्चीवरच्या दोन मीटर बँडच्या अँटेनाला, केबलच्या टोकाशी पीएल-२५९ कनेक्टर लावू की एन कनेक्टर?

एन लावा. अंधेरीत सातव्या मजल्यावरची गच्ची, आरजी-२१३ ही जाड कोॲक्सियल केबल, आणि "सगळे पीएलच वापरतात, मग एनला जास्त पैसे कशाला?" असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य ऐकून मी एक अख्खं वर्ष वाया घालवलं.

दादरला आमच्या गच्चीवरून २० मीटर केबल खाली आणली होती. वरच्या टोकाला पीएल, त्यावर साधी काळी टेप. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा सल्ला. पावसाळा सरला आणि ठाण्याचे मित्र म्हणायला लागले, तुझा आवाज नुसता खरखरतोय. काकांनी घरी येऊन मीटर लावला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परतते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.२. "केबल ठणठणीत आहे, तुझा सेट बघ." मी सेट दोनदा उघडला. शेवटी एका रविवारी डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रोध) आणि वॉटमीटर गच्चीवर नेला. खालून २५ वॉट सोडले, वर पोचले ७. चांगल्या केबलीतून १६-१७ तरी यायला हवे होते. कनेक्टर कापला तर केबलच्या आतली तांब्याची जाळी काळीहिरवी, बोटाला ओल लागली. हातभर मागे कापलं, तिथेही काळीच. जाळी वातीसारखं पाणी ओढते. आणि केबलच पॉवर खायला लागली की अँटेनाकडून परतणारी पॉवरही वाटेतच जिरते, म्हणून खालचा मीटर गोड आकडा दाखवतो. काकांना हे अजून मान्य नाही. काका, १.२ म्हणजे केबल चांगली असं होत नाही!

पीएलमध्ये पाणी अडवायला काहीच नसतं, एनमध्ये रबरी गास्केट असतं. ते पिशवीत आहे का, हे लॅमिंग्टन रोडवर दुकानातच बघून घ्या. एन ५० ओमचाच घ्या, ७५ च्या सॉकेटात ५० ची जाड पिन घुसवली तर सॉकेट कायमचं सैल होतं. वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळा, त्यावर साधी टेप, शेवटचा वेढा खालून वर. अँटेनाच्या बुडाशी केबलला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच खाली ठिबकेल.

तसं १४५ मेगाहर्ट्झला, म्हणजे दोन मीटरला, पीएलमुळे होणारा लॉस नगण्य असतो, त्यामुळे सेटच्या बाजूला, घरात, पीएल खुशाल चालेल. फक्त जाळीला पीएलच्या चारही भोकांतून सोल्डरचा डाग द्या. ४३५ मेगाहर्ट्झला मात्र दोन्हीकडे एन बरा.

ती कापलेली हातभर केबल मी ठेवली आहे. दादरला आलात तर दाखवतो.