ऑपेरा नको, कॉयरमध्येच गायचंय असं भाची म्हणते. यावर पोट भरतं का?

प्रश्न थोडक्यात असा: भाची मडगावची, वय 19, लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळात, गाते. तिला इंग्लंडला जाऊन शिकायचंय. ऑपेरातली नायिका व्हायची हौस नाही. बर्ड, टॅलिस, बाख या संगीतकारांचं असलं जुनं, चार-पाच आवाजांत मिळून गायचं संगीत आवडतं. घरचे विचारतात, ही नोकरी की छंद?

आधी माझी पात्रता सांगतो. मी व्यावसायिक गायक नाही. मूळचा सांगलीचा, भजनी मंडळात टाळ धरून वाढलेला. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि दर मंगळवारी हौशी कॉयरमध्ये बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) गातो. पण आमच्याकडे टेनर (उंच आवाजाचे पुरुष गायक) कायम कमी पडतात, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पैसे देऊन दोन टेनर बोलवावे लागतात. या मंडळींच्या शेजारी गेली नऊ वर्षं उभा राहतोय. जे सांगतोय ते तिथून पाहिलेलं.

मागच्या वर्षी बाखचं 'सेंट जॉन पॅशन' होतं, येशूच्या अखेरच्या यातनांची जर्मन भाषेतली मोठी संगीतकथा. आम्ही बारा मंगळवार घासलं होतं. शनिवारी दुपारी दोन वाजता एक टेनर स्टेशनवरून थेट आला. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात काळी फाइल, कानामागे पेन्सिल. ओळखपाळख नाही, गप्पा नाहीत. पहिल्या पानापासून सगळं बरोबर, जर्मन उच्चारांसकट. कंडक्टरने 'इथे श्वास नको' म्हटलं की पानावर एक बारीक खूण, आणि संध्याकाळी त्या जागी श्वास नाही म्हणजे नाही. आवाज असा बेतलेला, की माझ्या कानाला तो वेगळा ऐकूच येईना, फक्त आमचे टेनर अचानक चांगले गायला लागले! मध्यंतरात बोललो तेव्हा कळलं, सकाळी कुठल्या तरी लग्नात गाऊन आला होता आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला लंडनच्या चर्चमध्ये उभं राहायचं होतं. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या थांबायच्या आत कोट चढवला आणि शेवटची गाडी गाठायला पळाला.

तर हा असा धंदा आहे. मराठी नाटकात नटाला जशी 'नाइट' मिळते तशी यांना मिळते. महिन्याचा पगार नाही. कोणी आजारी पडलं की रिप्लेसमेंट म्हणून जो उभा राहतो त्याला इथे 'डेप' म्हणतात, आणि गायकांची जमवाजमव करणाऱ्याला 'फिक्सर'. नव्या माणसाची सुरुवात बहुतेक वेळा डेप म्हणूनच होते. एकदा वेळेवर आलात, चुकला नाहीत, शेजाऱ्याला त्रास दिला नाहीत, की फिक्सरच्या फोनमध्ये तुमचं नाव वर सरकतं.

आपल्याकडच्या माणसाला इथेच गोंधळायला होतं. आपल्याला वाटतं गायक म्हणजे आवाज, तालीम, कल्पनाशक्ती. इथे पोट भरतं ते मुख्यतः वाचनावर. स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचं, न पाहिलेलं पान समोर आलं की न थांबता, पहिल्या झटक्यात गाता आलं पाहिजे. याचं कारण इतिहासात कमी आणि हिशेबात जास्त. कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये, आठवड्यातून बहुतेक दिवस संध्याकाळी 'इव्हनसाँग' ही गायलेली प्रार्थना होते, रोज वेगळी स्तोत्रं, वेगळं संगीत, आणि आधी तालीम जेमतेम तासाभराची. मैफलींचंही तेच: तीन तासांची तालीम म्हणजे तीन तासांचे पैसे, मग दुसरी तालीम कोण ठेवणार? 'इंग्रजी कॉयरचा स्वच्छ, सपाट आवाज' म्हणून जगभर ज्याचं कौतुक होतं, त्यातला बराच भाग या काटकसरीतून आलाय असं माझं मत. (इथल्या मित्रांना पटत नाही.)

आता या रस्त्याने गेलेली माणसं पाहा. आल्फ्रेड डेलर कँटरबरी कॅथीड्रलमध्ये 'ले क्लार्क' होता, म्हणजे तिथल्या कॉयरमधला मोठ्या वयाचा पगारी गायक. पुरुषाने ऑल्टोच्या, म्हणजे एरवी बायकांच्या खालच्या आवाजाच्या, उंच पट्टीत एकट्याने गाण्याची जवळजवळ विसरलेली रीत त्याने पुन्हा मैफलीत आणली आणि 1960 मध्ये बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने आपल्या ऑपेरातली ओबेरॉनची भूमिका त्याच्या आवाजासाठी लिहिली. एमा कर्कबी ऑक्सफर्डला लॅटिन-ग्रीक शिकली, शाळेत शिकवत होती, गाणं बाजूला हौसेचं चाललेलं. पुढे सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज) म्हटल्यावर लोकांच्या कानात तिचा तो सरळ, न थरथरणारा आवाज बसला. 'टॅलिस स्कॉलर्स' हा कॉयर पीटर फिलिप्सने 1973 मध्ये ऑक्सफर्डला विद्यार्थी असतानाच उभा केला. साधारण दहा गायक, वाद्य एकही नाही, आणि 1987 मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान. तोवर जुन्या संगीताच्या रेकॉर्डला तो कधी मिळाला नव्हता.

या क्षेत्रात विद्वानांचं भांडणही पोटावर येतं, ही गंमत ऐका. 1981 मध्ये जोशुआ रिफकिन या संगीत अभ्यासकाने मांडलं की बाखच्या कॉयरमध्ये एका ओळीला (सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बास अशी प्रत्येक आवाजाची वेगळी ओळ) एकच गायक असायचा. पुढच्याच वर्षी त्याचं तसं रेकॉर्डिंगही आलं. वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या आयोजकाला हे पटतं, त्याचं वीस जणांचं काम चार-पाच जणांवर येतं. जे चौघे उरतात ते एकदम सोलोइस्ट, बाकीचे घरी.

पगारी नोकऱ्या आहेत, पण थोड्या. ब्रिटनमध्ये बीबीसी सिंगर्स हा कॉयर, 1924 पासूनचा. शंभरी तोंडावर आली असताना मार्च 2023 मध्ये बीबीसीने तो बंद करायचं जाहीर केलं, देशभर आरडाओरडा झाला आणि त्याच महिन्यात निर्णय थांबवावा लागला. पुढे तो वाचला. जर्मनीत रेडिओचे कॉयर आहेत: बर्लिनमध्ये, म्युनिकमध्ये. तिथे ऑडिशन पार केली तर नियमित पगार. जुन्या संगीताचंच शिक्षण हवं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची 'स्कोला कांटोरुम' ही संस्था 1933 पासून तेच करते. म्हणून भाचीला सांगा, नजर फक्त लंडनवर नको. जर्मन शिकायला आजच सुरुवात करावी.

बाकीचे लोक काय करतात? गाणं शिकवतात, लग्न-अंत्यविधीला गातात, सिनेमाचं रेकॉर्डिंग करतात. 1999 च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात तलवारबाजीच्या वेळी जो कॉयर गरजतो ना, तो लंडन व्हॉइसेसचा, आणि शब्द चक्क संस्कृत! एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी संस्कृतात घालून रोमन अक्षरांत गायकांपुढे ठेवल्या. मी पन्नास वेळा ऐकलं असेल, आठवी ते दहावी संस्कृत घेऊनही एक शब्द कळलेला नाही.

गोव्याचा फायदा खरा आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणत नोटेशन वाचून गाणं, शिकवायची पद्धत होती, म्हणून तिथली पोरं नोटेशनला घाबरत नाहीत. सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गोव्याच्या घराण्यातल्या, मुंबईत वाढलेल्या, लंडनला शिकल्या. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनरने त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या. भारतात येऊन त्या तरुण गायकांना शिकवतातही. आधी त्यांच्यासारख्या कोणाला तरी आवाज ऐकवा, मग विमानाचं तिकीट.

दोन अडचणी मात्र लपवत नाही. एक, कॅथीड्रलमधली ऑल्टोची ओळ परंपरेने पुरुषच गातात. मुलींसाठी दारं उशिरा उघडली: सॉल्झबरीत मुलींचा कॉयर 1991 मध्ये, आणि लंडनच्या सेंट पॉल्समध्ये मोठ्यांच्या कॉयरमधली पहिली कायम स्त्री 2017 मध्ये. केंब्रिजला मात्र ट्रिनिटी, क्लेअर या कॉलेजांचे कॉयर मिश्र आहेत. विषय कुठलाही घ्या, सोबत आठवड्याला तीन-चार वेळा गा. वाचन पक्कं होण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. दुसरी अडचण व्हिसाची. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर असं सुटं काम करता येतं, पण तो संपला की 'नाइट'वर जगणाऱ्याला नोकरीचा व्हिसा कोण देणार? पुष्कळांचं घोडं इथेच अडतं.

या महिन्यात एक करून बघा. बर्डच्या चार आवाजांच्या 'मास'मधलं (चर्चच्या प्रार्थनाविधीसाठीची रचना) तिने न पाहिलेलं एखादं पान काढा, पहिला सूर द्या, इतर तीन ओळी कोणालातरी गायला किंवा पियानोवर वाजवायला सांगा. पट्टी अर्ध्या सुराने उतरवून पुन्हा एकदा, कारण बाख वगैरे बऱ्याचदा तसंच गातात. चुकली तरी चालेल, थांबली तर मात्र अजून दोन वर्षं घरीच तयारी.

ती सोप्रानो की ऑल्टो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सोप्रानो असेल तर रांग लांब आहे. तिला एखादा टेनर भाऊ असेल तर आधी त्याला पाठवा, आमच्या पुढच्या कार्यक्रमाला एक जागा रिकामीच आहे.